सरडेरावांचा सत्कार

फार जुनी गोष्ट, माळावरच्या एका पिंपळाची. त्याची राखण कोतवाल पक्ष्याकडे होती. घरट्यांतली अंडी चोरीला जाऊ लागली, तेव्हा खोडाला चिकटून बसणाऱ्या सरड्याने भीतभीत त्याच्या कानात सांगितलं, "साहेब, थोरल्या धामणीचं काम आहे. भरदुपारी वर चढते. पण माझं नाव कुठे येऊ देऊ नका हं."

दुसऱ्या दिवशी कोतवालाने धामणीला टोचून टोचून पिटाळलं. मग गडी असा खूश झाला, की सगळ्या पाखरांना जमवून शेंड्यावरून ओरडला, "ही खबर आपल्या सरडेरावांची! करा त्यांचा सत्कार!"

पंख फडफडले. खाली मुळांपाशी मात्र धामणीची धाकटी बहीण वेटोळं घालून बसली होती. ती सरड्याकडे बघत राहिली. सरड्याने घाईघाईने सालीचा रंग घेतला, पण आज तो सगळ्यांनाच दिसत होता.

आठवड्याभराने कोतवालाचंच घरटं रिकामं झालं. तो धावत सरड्याकडे आला. "तू तर इथंच होतास! कोण आलं होतं?"

धामणीची धाकटी बहीण सरड्याच्या अंगाला घासून वर गेली होती. तो सालीला आणखी घट्ट चिकटला.

"साहेब, माझा जरा डोळा लागला होता."