तिसरा कोन

"पण गणितात चूक कुठं आहे, तेवढं दाखवा ना, गुरुजी!"

यदुनाथनं अंगणातल्या मातीत काढलेला त्रिकोण पुन्हा गिरवला. नदीच्या अलीकडच्या काठावर दोन खुंट्या, पलीकडच्या काठावर एक खडक. खुंट्यांमधलं अंतर त्यानं मोजलं होतं, खुंट्यांजवळचे दोन्ही कोन मोजले होते. त्यावरून पात्राची रुंदी काढली होती आणि त्या हिशेबानं साकवाची लाकडं कापली गेली होती.

लाकडांची टोकं पलीकडच्या खडकावर जेमतेम बोटभर टेकली. परवा साकव कोसळला. रायाजी सुतार त्यावरून घरी चालला होता.

विश्वंभरबुवा मातीकडं बघत राहिले. त्या मुलखात त्यांच्या तोडीचा गणिती नव्हता, आणि यदुनाथ त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. हे यदुनाथलाही चांगलं ठाऊक होतं.

"हिशेब बरोबर आहे," बुवा म्हणाले. "खडकापाशी तिसरा कोन किती भरला?"

"तो कशाला मोजायचा? तिन्ही मिळून दोन काटकोन. दोन मोजले की तिसरा आपसूक येतो."

"आपसूक..."

बुवांनी कोन मोजायचं यंत्र उचलून यदुनाथच्या हाती दिलं.

"मोजून ये."

"आता? आता मोजून रायाजी परत येणार आहे का?"

बुवा आत गेले.

पलीकडं जायचं तर डोंगराला वळसा घालावा लागे. साकवाच्या वेळी तोच वळसा यदुनाथच्या जिवावर आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परतला. वहाणा अंगणातच काढल्या आणि उंबऱ्याबाहेर बसून राहिला.

"बेरीज जुळत नाही, गुरुजी. केसभर कमी भरते. खुंटीजवळचा एक कोन मी कमी मोजला..."

बुवा उंबऱ्याशी येऊन बसले.

"खडकापाशी रायाजीची आई बसली होती. यंत्र नीट टेकेना, तर उठून तिनं एका बाजूनं धरलं. मी सांगितलंही नव्हतं..." यदुनाथनं यंत्र खाली ठेवलं. "म्हणाली, 'काय मोजतोस रं, लेकरा?'"

"तू काय म्हणालास?"

"काहीच बोललो नाही... कोन वाचला आणि निघून आलो."

बुवांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो पाणी पिऊन होईपर्यंत थांबले. मग अंगणात उतरले, वाकले, आणि शिष्याच्या वहाणा दोन्ही हातांनी उचलून त्याच्या पायांशी आणून ठेवल्या.

यदुनाथ दचकून मागं सरकला. "गुरुजी, हे काय करताय..."

"जा," बुवा म्हणाले. "तिनं विचारलंय."