नंतरचं नाव

घैसास सर तोंडी परीक्षा घ्यायला बसले की भल्याभल्यांची भंबेरी उडे, आणि चैत्राली तर मुळातच घाबरट. तिचा प्रबंध दोन लिव्हरवर्टांवर होता, म्हणजे ओल्या दगडांना चिकटून वाढणाऱ्या चपट्या हिरव्या वनस्पतींवर. दोन्ही जाती दिसायला अगदी सारख्या.

सरांनी भिंगातून दोन्हींवर नजर टाकली. "अगं, ही एकच जात आहे. दोन वर्षं काय केलंस? प्रबंध नव्याने लिही."

"बरं सर. मग नियमाने जुनं नाव राहील आणि नंतरचं रद्द होईल ना?"

"अर्थात. खोडून टाक."

"माझा हात धजत नाही, सर. तुम्हीच खोडा." तिने पान पुढे केलं.

सरांनी लाल पेन उघडलं, चष्मा चढवला आणि ते थबकले. नंतरचं नाव होतं 'रिक्सिया घैसासी'. त्यांच्या साठीला विद्यार्थ्यांनी प्रेमाने ठेवलेलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "फरक कुठे आहे म्हणालीस?"

"खालच्या बाजूला, सर. तुमचीचे खवले जांभळे आहेत, दुसरीचे पांढरे."

सर भिंगावर वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

"पास आहेस तू," ते हळूच म्हणाले. "आणि हिचा एक तुकडा घरी न्यायला देशील? आमची अजून ओळखच झाली नव्हती."