वेदीवरची शपथ

पूर्वेकडच्या रोमन साम्राज्यात सम्राट होता पोरसवदा, आणि कारभार चालायचा त्याच्या थोरल्या बहिणीच्या, सेवेराच्या शब्दावर. आपला नवरा होऊन कुणी भावाच्या गादीवर बसू नये, म्हणून तिने चर्चच्या वेदीवर हात ठेवून आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतली होती.

सेनापती आर्बासियसला हे कसं रुचावं? भर दरबारात दाढी कुरवाळत तो म्हणाला, “राजकन्येने माझ्या मुलाशी लग्न करावं. राज्याचं भलं होणार असेल, तर वेदीवरची शपथसुद्धा मोडता येते. धर्मगुरूंना विचारून ठेवलंय मी.”

धर्मगुरूंनी मान खाली घातली. सम्राट बावरून बहिणीकडे बघू लागला.

सेवेराने हातातलं भरतकाम मांडीवर ठेवलं. “सेनापती, माझ्या भावाशी इमान राखायची शपथ तुम्ही कुठे घेतलीत?”

“त्याच वेदीवर!” सेनापतीची छाती फुगली.

“मग राज्याच्या भल्यासाठी ती कधी मोडायचं ठरवलंय?”

सम्राटाची नजर सेनापतीच्या तलवारीवर खिळली. आर्बासियसने घाईघाईने त्याच्यापुढे हात जोडले.

“छे, छे! वेदीवरची शपथ कधी मोडते का, महाराज?”

“झालं तर मग,” म्हणत सेवेराने सुईत नवा दोरा ओवला.