फ्रीव्हीलमधलं ग्रीस

"बुवा, त्या येसूबाईला मठातून काढणार की नाही, तेवढं सांगा!"

नीळकंठ ध्यान सोडून तावातावानं अंगणात आला होता. भिवाबुवा अंगणात सायकल उलटी करून बसले होते. एरवी या वेळी ते गावोगाव हिंडत. आज सायकल बिघडली, म्हणून मठातच होते.

"काय केलं तिनं?"

"भर दुपारी मी अंगणाच्या दाराला कडी लावून ध्यानाला बसतो, तर रोज दार बडवते! म्हणे, दर्शनाला आलेली माणसं उन्हात ताटकळलीत. नोकरीवर पाणी सोडून आलो मी इथं. आता भांडी घासणारी बाई मला शिकवणार?"

"हं…"

बुवांनी हातानं पायडल फिरवलं. साखळी सरसर धावली. मागचं चाक मात्र जागचं हललं नाही.

"फ्रीव्हीलमध्ये ग्रीस कुणी भरलं रे?"

"मी. पहाटे तुम्ही सायकल बाहेर काढता, तेव्हा केवढी टिकटिक! चित्त लागत नाही. परवा उघडलं आणि जाड ग्रीस ठासून भरलं. आता बघा, कसं गपगार आहे."

"गपगार आहे खरं… काल चढावर नुसतेच पाय फिरले माझे. तीन कोस चालत आलो."

नीळकंठ वरमला. पण क्षणभरच.

"आधी त्या बाईचं काय ते सांगा!"

बुवांनी पाना उचलला. त्यांनी चाक काढलं, फ्रीव्हील सोडवून रॉकेलमध्ये धुतलं. काळा चिखल निघाला. आत तांदळाएवढे दोन लोखंडी तुकडे चिकटून बसले होते. बुवांनी ते काडीनं हळूच मोकळे केले.

"यांना कुत्रे म्हणतात. हे उठून दात्याला धरतात, तेव्हा चाक ओढलं जातं. टिकटिक यांचीच."

पातळ तेलाचे दोन थेंब सोडून त्यांनी सगळं परत बसवलं. पायडल मारून सोडलं. चाक गरगरलं आणि टिकटिकू लागलं.

तेवढ्यात अंगणाच्या दारावर धाडधाड थापा पडल्या.

"अहो नीळकंठराव! म्हातारी माणसं भाजून निघाली इथं! देव काय तुम्हाला एकट्यालाच कडी लावून भेटतो?"

नीळकंठ लालबुंद झाला.

"ऐकलंत? ऐकलंत ना बुवा? हे असं रोज!"

"रोज…?"

बुवांनी काळे हात धोतराला पुसले. दाराला लावलेल्या कडीकडे बघितलं. त्यांचा आवाज चढलेला नीळकंठानं कधी ऐकला नव्हता. आजही तो चढला नाही.

"कडी काढ… आणि तुझं आसन उचलून बाहेर उन्हात टाक. ध्यान आता तिथंच, त्या माणसांत."