वळवळत्या शेपट्यांचा विजय

त्या राज्यात अब्रू शेपटीत असे. राज्य गाईबैलांचे होते. शेपटी जितकी लांब आणि गोंडेदार, तितका मान मोठा. आणि एखाद्याची शेपटी तुटलीच, तर तो धडधाकट समोर उभा असतानाही लोक त्याचे तेरावे उरकून घेत. राज्याभोवती दगडी गडगा होता. गडग्यापलीकडे शेळ्यांचे राज्य होते आणि तिथल्या कपारींत पालींच्या टोळ्या राहत.

पाली चाटण आणत. कसल्याशा चिकाचा काळा, गोड गोळा. तो फटीतून आत सरकवायचा आणि बदल्यात पेंड न्यायची. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते म्हणतात. पालींची कुंपणापासून सुरू होई.

चाटण लागलेले जनावर रवंथ विसरे. आभाळाकडे बघत लाळ गाळी, समोरची वैरण वाळून जाई. हरणी गाईचा गोऱ्हा हौश्या तसाच झाला होता. एके काळी हुंदडून गोठा डोक्यावर घेणारे पोर. आता त्याच्या बरगड्या दिसत होत्या, आणि आईने मायेने अंग चाटले तर तो वैतागून अंग काढून घेई.

हरणी तडक दरबारात गेली.

"फौज पाठवा!" ती हंबरली. "माझं लेकरू उभ्या उभ्या मरतंय, आणि तुम्ही शिंगं रंगवत बसलाय!"

दरबारात वाद झाला. काहींचे म्हणणे पडले की दुसऱ्याच्या राज्यात विचारल्याशिवाय खुरांसकट शिरणे बरे नव्हे. शेळ्यांची वकील म्हणाली, "पाली आमच्याही डोक्यावर पडतात. आम्हीही विटलोय त्यांना. पण तुमची फौज आमच्या परसातून नेऊ नका, मेथी लावलीय." एका म्हाताऱ्या गाईने सुचवले की आधी गोऱ्ह्यांसाठी वैद्य नेमावा.

"वैद्याची मिरवणूक निघत नाही," सेनापती वशिंडराव म्हणाले. त्यांची शेपटी राज्यात सगळ्यांत लांब, त्यामुळे त्यांचे म्हणणे खरे धरण्याची पद्धत होती. हरणीलाही ते पटले. वैद्याला वेळ लागतो, आणि आईपाशी वेळ नव्हता.

फौज निघाली. पहिल्या दिवशी मेथी गेली, मग कोथिंबीर. करडे कोंडायचा वाडगा मोडला आणि एक करडू कायमचे लंगडे झाले. ते लांबून पालीसारखे दिसले, असा खुलासा शेळ्यांना पाठवण्यात आला.

आणि पाली? खूर पडला की पाल शेपटी टाकून कपारीत पसार होई. मागे शेपटी एकटीच वळवळत राही. बैलांना ते दृश्य बघवेना. शेपटीच गेली म्हणजे सगळेच संपले, याबद्दल त्यांच्या मनात शंकेला जागाच नव्हती. त्यांनी त्या शेपट्यांना मानवंदना दिली आणि त्या गोळा केल्या. वशिंडरावांनी दरबारात निरोप धाडला : "शत्रू समूळ नष्ट. शेपूट घालून पळाले नाहीत, शेपूट ठेवून गेले. शूर होते बिचारे."

विजयाची मिरवणूक वाजतगाजत निघाली. वशिंडरावांच्या गळ्यात शेपट्यांची माळ होती. हरणीने स्वतः त्यांना ओवाळले, आणि घरी येऊन हौश्यापुढे हिरवा चारा टाकला. त्याने तो हुंगलाही नाही.

झाले असे की शेपटी टाकलेल्या पाली हलक्या झाल्या. पूर्वी ज्या फटीत अडकत, तिथून आता सहज आत येऊ लागल्या. जिवावरचा धोका सांगून त्यांनी चाटणाचा भाव वाढवला, आणि महाग झाल्यापासून ते अधिकच गोड लागू लागले. यथावकाश शेपट्याही पुन्हा फुटल्या. मग फौज पुन्हा गेली, पुन्हा जिंकली. दर मोहिमेला शेपट्यांचे पीक चांगले येई. माळांमुळे वशिंडरावांची मान दिसेनाशी झाली.

हौश्याने गळ्यातली घुंगुरमाळ पालींना दिली. मग आईची दिली.

तेव्हा मात्र हरणी कुणाला काही विचारायला गेली नाही. भर दुपारी ती गडग्यापाशी आली आणि सगळ्यांत मोठ्या भगदाडात, तोंड पलीकडे करून, शिंगे रोखून उभी राहिली. समोर एक पाल आली. शेपटी नवी, अजून फिकट.

"एक पाऊल टाकलंस तर चिरडीन," हरणी म्हणाली.

"मी कुठं येतेय, मावशी? मी इथंच थांबते," पाल म्हणाली. "तुम्हालाच ऊन लागतंय."

इतक्यात हरणीला मागून धक्का बसला. फौज मदतीला आली असे तिला वाटले आणि तिचा ऊर भरून आला. तिने खूर अधिकच घट्ट रोवले. दुसरा धक्का बसला. पाठीला ओले, ओळखीचे नाक लागले.

"आई, जरा सरक ना," हौश्या म्हणाला.

ती सरकली नाही. तिने मान वळवून पाहिले. हौश्याच्या मागे वशिंडराव होते, सगळ्या माळांसकट, आणि त्यांच्या जिभेचे टोक काळे होते. त्यांच्या मागे फौज, फौजेमागे दरबार, जो तो आपापल्या मानाप्रमाणे, शिस्तीत. कुणी कुणाला ढुशी मारत नव्हते. सगळे मिळून फक्त पुढे रेटत होते.

हरणीचे खूर मातीत घसरत गेले. पुढचे दोन हद्दीपलीकडे पडले, तेव्हा पालीने अदबीने आपली शेपटी आवरून तिला जागा करून दिली.