चिचुंद्रीची घुगरी कोणी ढकलली?

कपाटामागच्या बिळात एक चिचुंद्री राहायची.
तिचं नाक लांब. तिचा संशय त्याहून लांब.
झाडाचं पान पडलं, तरी ती म्हणायची, "हूं. यात काहीतरी काळंबेरं आहे."

एक दिवस घरात बाळाचं बारसं होतं. बारसं म्हणजे बाळाचं नाव ठेवायचा दिवस. बारशाला घुगऱ्या हव्यातच. घुगऱ्या म्हणजे उकडलेले हरभरे. गरम गरम, गोल गोल.
सगळ्यांना घुगऱ्या वाटल्या. मामीला मूठभर. काकूला मूठभर. दारातल्या कावळ्यालाही थोड्या.
बाळाची आई म्हणाली, "चिचुंद्रे, घे गं. ही तुझी."
चिचुंद्रीला एकच मिळाली. पण ती तिची होती.

चिचुंद्रीने घुगरीकडे पाहिलं.
"हूं. घुगरी आहे की खडा?"
तिने हुंगलं. हुंग हुंग.
नाकाने जरा ढोसलं. ढुस्स.
जमीन होती जराशी उतरती. घुगरी निघाली. गड गड गड गड.
गेली ती थेट वरवंट्याच्या पोटाखाली. तिथेच अडकली.

"कोणी ढकलली? माझी घुगरी कोणी ढकलली?"
चिचुंद्रीला रडूच आलं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. आणि दाराआड केरसुणी उभी होती. थोड्या वेळात केरसुणी येणार. घुगरी केरात जाणार.

वरवंटा म्हणजे चटणी वाटायचा लांबट दगड. आज त्याला कुंची घातली होती. बाळाच्या आधी तो पाळण्यात निजून आला होता, आणि आता पाळण्याशेजारी जमिनीवर पडला होता. बारशाची तशी रीतच आहे.
"बाळासारखा नटलाय, आणि रडत मात्र नाही," चिचुंद्री म्हणाली. "हूं. काळंबेरं आहे."

"वरवंटा, वरवंटा, माझी घुगरी तूच ढकललीस ना?"
"मी नाही बाई. मी आपणहून हलत नाही."
"मग बाजूला हो. माझी घुगरी मिळेना."
"पाळणा मला ढकलेल, तर हलेन."

तुरतुर तुरतुर. चिचुंद्री गेली पाळण्याकडे.
"पाळणा, पाळणा, माझी घुगरी तूच ढकललीस ना?"
"मी नाही बाई. मी आपणहून हलत नाही."
"मग झूल की.
वरवंटा हलेना,
माझी घुगरी मिळेना."
"दोरी मला ओढेल, तर झुलेन."
चिचुंद्रीने डोळे बारीक केले. "हूं. या दोघांचं काहीतरी शिजतंय."

तुरतुर तुरतुर. चिचुंद्री गेली दोरीकडे. दोरी पाळण्याला बांधलेली. नुसतीच लोंबत होती.
"दोरी, दोरी, माझी घुगरी तूच ढकललीस ना?"
"मी नाही बाई. मी आपणहून हलत नाही."
"मग ओढ की.
पाळणा झुलेना,
वरवंटा हलेना,
माझी घुगरी मिळेना."
"आत्या मला धरेल, तर ओढेन."
"हूं. तिघांचं काहीतरी शिजतंय."

तुरतुर तुरतुर. चिचुंद्री गेली हौसाआत्याकडे. बाळाचं नाव आत्याच ठेवते. म्हणून हौसाआत्या नवं लुगडं नेसून पाळण्यापाशी उभी होती.
"आत्या, आत्या, माझी घुगरी तूच ढकललीस ना?"
"मी कशापायी ढकलू गं?"
"मग दोरी धर की.
दोरी ओढेना,
पाळणा झुलेना,
वरवंटा हलेना,
माझी घुगरी मिळेना."
"अगं चिचुंद्रे, रिकामा पाळणा हलवत्यात व्हय? बाळ पाळण्यात निजंल, तवा दोरी धरीन."
"हूं," चिचुंद्री पुटपुटली. "माणसंसुद्धा त्यांना सामील आहेत."

तुरतुर तुरतुर. चिचुंद्री गेली बाळाकडे. बाळ होतं आईच्या मांडीवर.
"बाळ, बाळ, माझी घुगरी तूच ढकललीस ना?"
"ट्यँहँ."
"खरं सांग."
"ट्यँहँ, ट्यँहँ."
"मग पाळण्यात नीज की.
आत्या धरेना,
दोरी ओढेना,
पाळणा झुलेना,
वरवंटा हलेना,
माझी घुगरी मिळेना."
"ट्यँहँ, ट्यँहँ, ट्यँहँ."
आई म्हणाली, "त्याला काय विचारतेस गं? खुळखुळा वाजेल, तर बाळ निजेल. माझे दोन्ही हात बाळात अडकलेत बघ."
"हूं. एवढंसं बाळ. तेही सामील."

तुरतुर तुरतुर. चिचुंद्री गेली खुळखुळ्याकडे. तो चटईच्या टोकाला गप्प पडला होता.
"खुळखुळा, खुळखुळा, माझी घुगरी तूच ढकललीस ना?"
"मी नाही बाई. मी आपणहून हलत नाही."
"मग वाज की.
बाळ निजेना,
आत्या धरेना,
दोरी ओढेना,
पाळणा झुलेना,
वरवंटा हलेना,
माझी घुगरी मिळेना."
"कोणी मला ढोसेल, तर वाजेन."
"कोण ढोसेल?"
"तू."

चिचुंद्रीने मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.
"मी? हूं. यात तर फारच काळंबेरं आहे."
तेवढ्यात दाराआड आवाज आला. खर्र. काकूने केरसुणी हातात घेतली.
आता विचार करायला वेळ नव्हता. चिचुंद्रीने नाक पुढे केलं. ढुस्स.

खुळखुळा वाजला. खुळ खुळ खुळ.
बाळ गप्प झालं. आईने त्याला पाळण्यात निजवलं.
हौसाआत्या वाकली. बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्र." मग हळूच काहीतरी सांगितलं.
सांगत होती बाळाचं नाव. पण चिचुंद्रीचे कान टवकारले.
"हूं. माझ्या घुगरीविषयीच कुजबुजतेय."

नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटा बसतो. तीही बारशाची रीतच. मामी वाटच बघत होती.
धप्प.
आत्या गेली पुढे. आत्याने दोरी धरली.
दोरीने पाळणा ओढला.
पाळणा झुलला. झुईं.
पाळणा वरवंट्याला लागला. ठक्क.
वरवंटा हलला. गडाड गडाड. कुंची झाली तिरकी.
घुगरी सुटली.

सुटली ती निघालीच. गड गड गड गड. थेट मोरीकडे. मोरीला होतं भोक. भोकात गेली की गेलीच.
"थांब, थांब," चिचुंद्री म्हणाली.
"मी आपणहून थांबत नाही," घुगरी म्हणाली. "कोणी अडवेल, तर थांबेन."
या वेळी चिचुंद्रीने कोणाला काही विचारलं नाही. कोणाकडे बघून डोळेही बारीक केले नाहीत. ती पळाली. तुरतुर तुरतुर तुरतुर. मोरीच्या तोंडाशी जाऊन आडवी झाली.
टप्प.
घुगरी तिच्या पोटाला लागली. आणि थांबली.

"मिळाली," चिचुंद्री म्हणाली. तिला फार फार आनंद झाला. "पण आधी सांगा, ही ढकलली कोणी?"
खुळखुळा म्हणाला, "चिचुंद्रे, मला कशाने ढोसलंस?"
"नाकाने."
"मग मी हललो ना?"
"हललास की."
"मग घुगरीला कशाने ढोसलं होतंस?"

चिचुंद्रीने नाकाकडे पाहिलं. आधी एका डोळ्याने. मग दोन्ही डोळ्यांनी. नाक तिथेच होतं. लांबच लांब.
"हूं," ती म्हणाली.

घुगरी समोर होती. तिने हुंगली नाही. ढोसली नाही. पंजाने घट्ट धरली. नाक केलं वर. तोंड उघडलं.
मट्ट.

घुगरी तोंडात गेली, आणि गोष्ट थांबली.
आपणहून नाही हं. चिचुंद्रीचं तोंड भरलं होतं, म्हणून.