राक्षशिणीची दाढ

एकदा काय झालं, डोंगरातल्या राक्षशिणीची दाढ दुखायला लागली. आता राक्षशिणीची दाढ म्हणजे जात्याएवढी, बरं का! ती ठणकली की राक्षशीण ओरडायची, आणि ती ओरडली की पायथ्याच्या गावातली भांडी फळीवरून खाली यायची. हसू नका रे, तुमची दुखेल तेव्हा कळेल.

मग एक दिवस ती खाली उतरली. येसूबाईची लेक बनी अंगणात खेळत होती. राक्षशिणीने तिला उचललं आणि ओच्यात घातलं. येसूबाईला म्हणाली, "माझ्या दाढेचा ठणका थांबव, नाहीतर पोर देणार नाही!"

येसूबाईला रडू फुटलं. पण रडत बसायला वेळ कुठला? ती रानात धावली. त्या गावची एक रीत होती. झाडाचं औषध घ्यायचं, तर कुणाचं दुखतंय त्याचं नाव आधी झाडाला सांगायचं. मगच हात लावायचा.

येसूबाई लवंगेच्या झाडाला म्हणाली, "राक्षशिणीची दाढ दुखतेय, कळ्या नेते." नेल्या. राक्षशिणीने चावल्या, तोंडाला वास तेवढा आला. मग तिरफळाच्या झाडाला तेच सांगितलं. तिरफळाने जीभ चुरचुरली, दाढ होती तशीच. मग ओढ्याकाठचा अक्कलकारा. इवलंसं रोप, नखाएवढी पिवळी फुलं!

"राक्षशिणीची दाढ..." येसूबाईने सुरुवात केली.

रोप म्हणालं, "अगं बाई, हे काय नाव झालं?"

येसूबाई चपापली. खरंच की! आल्या पावली परत गेली. वर बघून म्हणाली, "बाई गं, तुझं नाव काय?"

राक्षशीण कण्हायची थांबली. तिला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. मग हळूच म्हणाली, "आई मला चिमणी म्हणायची."

येसूबाईला भरून आलं. धावत जाऊन रोपाला म्हणाली, "आमच्या चिमणीची दाढ दुखतेय रे बाबा!" आणि ओंजळभर फुलं आणली. चिमणीने ती दाढेखाली धरली. आधी झिणझिण्या आल्या, मग हिरडी बधिर झाली, मग ठणका गेला. काय गुण बघा एवढ्याशा फुलाचा! डोंगराएवढं दुखणं, आणि नखाएवढ्या फुलाने निवलं.

चिमणीला बसल्याबसल्या झोप लागली. ओच्यात बनीही झोपलेली. येसूबाईने लेकीला अलगद उचलून कडेवर घेतलं. मग काय वाटलं कोण जाणे, आपली घोंगडी आणून चिमणीला पांघरली. ती पुरली तिच्या करंगळीला. पण चिमणी झोपेत हसली.

मग काय, सगळी सुखाने राहिली. चला, आता तुम्हीही पांघरुणं ओढा आणि डोळे मिटा बघू.